पाचवं नाव

१४ ऑक्टोबर २०२४

खेमसिंग,

जय सेवालाल. तू फोन उचलत नाही म्हणून लिहून राह्यली. आता तर लावला की ती बाई म्हणते, हा नंबर व्यस्त आहे. माणूस महिनाभर व्यस्त राह्यते काय? मले काटलं असशील. काट. पोस्टमन काटता येत नाही.

लिहिणं माझं काम नाही, तुले माहीत आहे. बानं मले तिसरीतून काढलं अन् तुले माझ्या पाठीवर बांधून कापसात पाठवलं. तू सातवी शिकला तो माझ्या पाठीवरून उतरून. म्हणून चुका काढत बसू नको, मजकूर पाहा.

बादलले पोलिसांनी नेलं त्याले आज बावीस दिवस झाले. तुझ्या तक्रारीवर नेलं. तो तुझा सख्खा भाचा आहे. मामाची पोरगी म्हणून मी हक्कानं तुझी राखी मागितली अन् तू हसत दिली. घाटंजीच्या बाजारात तिच्या लग्नाचे कपडे आपण दोघांनी मिळून घेतले. तीन वर्षांत तो मामा मेला काय?

तू ठाण्यात लिहून दिलं ते फौजदारानं मले वाचून दाखवलं. "माझी मुलगी पाण्यातून जिवंत निघाली, चालत घरी गेली, आणि नवऱ्याच्या घरी मेली. अंगावर वळ होते." यातला एकही शब्द खोटा नाही खेमा. अन् तरी सगळं खोटं आहे.

बादल त्या दिवशी पांढरकवड्याच्या पुढं हैदराबाद रोडवर ट्रक चालवत होता. निरोप मिळाला तसा निघाला, दिवस मावळता पोचला. तवा तुझी पोरगी गेलती. ट्रकचा मालक म्हणते मले भानगडीत पाडू नका. पोलीस म्हणते मालकाचं लिहून आणा. मी मधात चपला झिजवून राह्यली.

अन् वळाचं ऐक. धरणात लाँच उलटली तवा राखी पदरासकट खाली गेलती. नागोराव भोयानं जाळं टाकलं, जाळ्यात नाही आली तर पदर धरून ओढली. गळ्यावरचा वळ त्या पदराचा. काठावर माणसांनी तिले ट्रॅक्टरच्या टायरावर पालथी टाकली अन् पाठीवर जोर देऊन पाणी काढलं. बरगड्यांवरचे काळे डाग त्याचे. पाणी निघालं, सकाळची भाकर निघाली, अन् ती ओरडली. आम्ही म्हटलं, जगली. बबितानं आंघोळ घालताना ते डाग पाह्यले अन् किंचाळली, ते मी ऐकलं. मायच्या जागी मीबी किंचाळली असती. पण तिनं विचारायले पायजे होतं. विचारलं नाही. तुमी दोघंबी तिरडीच्या मागं आले अन् माझ्या घरचं पाणी न पिता गेले.

डॉक्टर कुठं होता, असं तू म्हणशील. डॉक्टरची गाडी आलीच नाही. आमच्या इकडं मेल्यावरच गाडी येते.

तक्रार मांग घे. यापेक्षा जास्त मले लिहिता येत नाही.

तुझी बहीण
लालीबाई

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

खेमसिंग,

तुझं कार्ड आलं. वीस दिवसांनी एक ओळ. "गाडी आली नाही म्हणतेस, तर राखीच्या बोटाला चिमटा कोणी लावला?" बस. ना रामराम, ना खुशाली. तू मास्तर झाला असता तर पोराइनं शाळा सोडली असती.

कोणी सांगितलं तुले चिमट्याचं? त्या पलीकडच्या तांड्यातल्या बाईनं सांगितलं असंन, ती वाचली ती. तिचे डोळे भलते तेज आहेत, पाण्यात बुडतानाबी दुसऱ्याचं पाहत होती.

बरं. गाडी आलती. उशिरा आली. भरून गेली. तिच्यात जागा नव्हती. मागच्या पत्रात मी आली नाही लिहिलं, कारण आली काय अन् नाही आली काय, सारखंच.

तू लाँचचं कधी विचारलं नाही. तुले फक्त घर दिसते माझं. मी सांगते, कारण दुसऱ्या कोणाले सांगायचं ते समजत नाही.

धरणाच्या पलीकडच्या तांड्याचा नायक भावसिंग वारला होता. दुःखाले जायचं होतं. रस्त्यानं गेलं तर फेर पडते अन् एसटी नाही, म्हणून सगळे लाँचनं जातात. ठेकेदाराची टिनाची लाँच, वीस माणसाची. त्या दिवशी आम्ही बायाच वीस होतो. वर माणसं, दोन मोटरसायकली, एक बकरी. अंगात घालायचे ते लाल जाकिट एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली बांधून ठेवलते. एकानं विचारलं तर लाँचवाला म्हणे, "पोहायले चालले काय तुमी? दुःखाले चालले ना?" सगळे हसले. मीबी हसली.

आम्ही मधात बसलतो. तेवढ्यात तांड्यातले जेठ-सासरे लोक चढले. आपल्यात सुना जेठासमोर बसतात काय? सगळ्या पदर ओढून, तोंड फिरवून एका बाजूले सरकल्या. माझी जेठाणी सक्रीबाई पहिले सरकली, तिच्या मांग मी, माझ्या मांग सगळ्या. लाँचवाला ओरडला, "बाया, मधात या! मधात या!" कोण येते? सासऱ्यासमोर उठून मधात? मी राखीले दाबून माझ्यापाशी बसवलं. ती मधातच राहत होती. म्हणे, "फुफी, तो सांगून राह्यला तर ऐका ना." मी म्हटलं, "शिकलेली आहे ते घरी दाखव."

मग टिन वाजलं, अन् आभाळ खाली आलं.

सक्रीबाईनं जुना फेट्या घागरा घातलता, आरशाचा, कवड्यांचा. तो भिजला की दोन माणसाले उचलत नाही. ती सरळ खाली गेली, दगडासारखी. मी तिचा हात धरलता. सोडला. सोडला नसता तर हे पत्र आलं नसतं. चार बाया मेल्या. तहसीलच्या यादीत चार नावं आहेत. राखीचं नाही, कारण ती घरी मेली. पाण्यात मेलेली सरकारची, घरी मेलेली माझी.

आज भाऊबीज. दिवाळीच्या काळ्या मावसेले तांड्यातल्या पोरी दिवे घेऊन दारोदारी मेरा, सणाचा आशीर्वाद, मागत आल्या, माझ्या दारापाशी आल्या अन् पुढं गेल्या. त्याइले मायबापानं सांगितलं असंन, त्या घरी जाऊ नका.

तू येणार नाही, मले माहीत होतं. तरी मी आरतीचं ताट केलं. मंग उतरवून ठेवलं.

लालीबाई

१ डिसेंबर २०२४

खेमा,

यवतमाळच्या जेलात बादलले पाहून आली. जाळीच्या पलीकडं उभा राह्यते. दाढी वाढली. विचारते, "याडी, माये, ती शेवटी काय बोलली?" दर खेपेले हेच विचारते. वकिलाचं नाही, जामिनाचं नाही. मी म्हणते, "काही नाही बोलली रे, शांत गेली." तो म्हणते, "ती अन् शांत?" अन् हसते. त्याचं हसणं पाहून मले जाळीवर डोकं आपटावं वाटते.

वकील म्हणे, "मावशी, गाडीवाल्यांनी तपासून काही लिहून दिलं होतं काय? एखादा कागद? त्यावर राखीची हालत लिहिली असेल तर पोरगा सुटतो." मी म्हटलं, नाही.

हे पत्र मी राखीच्या वहीवर लिहून राह्यली. वरच्या कोपऱ्यात तिनं फूल काढलं आहे ते माझं नाही.

तुले एक सांगते जे तुले माहीत नाही. अक्षर मले तिनंच पुन्हा बसवून दिलं. बचत गटात मी अंगठा द्यायची, तिले लाज वाटायची. जेवण झालं की वही घेऊन बसायची. "फुफी, आजचं एक पान." मी शिव्या द्यायची. म्हणायची, "म्हातारपणी शाळा दाखवते, तुझ्या बापाले मीच चालायले शिकवलं." ती म्हणायची, "मग त्याच्या पोरीकडून सही शिका, फिटलं." तीन महिन्यांत सही आली. गटात पहिल्यांदा केली तवा सगळ्या बाया वाकून पाहत होत्या. राखी दारात उभी होती, पदर तोंडात धरून हसत होती.

चांगली होती तुझी पोरगी. मी तिले कधी म्हटलं नाही. मी कोणालेच म्हणत नाही. तुलेबी नाही.

पण तिच्यात एक खोट होती. तिले रडता येत नव्हतं. आपल्या बाया कशा रडतात, तू लहानपणापासून ऐकतो. मयताले गेलं की एकमेकीच्या गळ्यात पडायचं, मेलेल्याचं नाव घ्यायचं, त्याचं चांगलं चांगलं सुरात सांगायचं, कडव्याच्या मधात हुंदका. ढावलो ज्या बाईले येत नाही ती बाई कच्ची. राखी नुसती उभी राह्यची. डोळ्यात पाणी, गळ्यात आवाज नाही. माझी सासू मेली तवा तीन तांड्याच्या बाया आलत्या अन् ही भिताडाले टेकून उभी. सक्रीबाई सगळ्याइत म्हणाली, "लाली, सून आणली का खांब आणला?" ते वाक्य मी दोन वर्षं गिळत होती. लाँचवर चढतानाबी मी राखीले म्हटलं, "आज तरी गळा काढ. माझं नाक काटू नको."

ती म्हणे, "फुफी, मले खोटं नाही येत रडता."

मी म्हटलं, "खरं शिक मग."

आज एवढंच. हात दुखते.

लालीबाई

१२ जानेवारी २०२५

खेमसिंग,

बबिताले पाशी बसव अन् हे मोठ्यानं वाच. मधात थांबू नको. थांबला तर पुन्हा सुरू करता येणार नाही, मी लिहिताना तीन वेळा करून पाह्यलं.

गाडीत जागा होती.

पहिली गाडी मुडदे घेऊन गेली. दुसरी राखीसाठीच थांबलती. तिच्यात डॉक्टरीणबाई होती, प्रेरणा नावाची, छातीवर पट्टी होती, मी वाचली. राखीएवढीच असंन. तिनं राखीच्या बोटाले चिमटा लावला, त्याच्यावर आकडा आला, चौऱ्यांशी. आकडे मले येतात. तिनं पाठीले नळी लावून ऐकलं अन् तिचं तोंड उतरलं. मले बाजूले घेतलं. म्हणे, "मावशी, हिच्या छातीत पाणी गेलंय. आता बोलते-चालते, पण दोन-चार तासांत फुप्फुस भरतं. यवतमाळला न्यावं लागेल. चोवीस तास ऑक्सिजनवर ठेवतील."

मी म्हटलं, "पाणी तर काढलं ना टायरावर."

ती म्हणे, "ते पोटातलं होतं मावशी."

खेमा, मले समजलं होतं. मी अडाणी आहे, बहिरी नाही. ती नीट समजेल असं बोलली अन् मले समजलं.

पण सक्रीबाईचा मुडदा शवविच्छेदन होऊन दुपारी तांड्यात येणार होता. आमच्या घरासमोर ठेवणार होते. पलीकडचे लोक येणार, तीन-चार तांडे येणार. मोठी सून म्हणून घरात एकटी राखी. मी म्हटलं, "हिची मोठी सासू मेली. सून दवाखान्यात जाऊन झोपली तर तांडा तोंडावर थुंकीन. ही चालून राह्यली, बोलून राह्यली, हिले काही झालं नाही. ज्याइले झालं त्याइले न्या."

राखी गाडीच्या पायरीवर बसलती. नाकावर ते प्लास्टिकचं लावलेलं. तिनं ते वर केलं अन् म्हणे, "फुफी, छाती जड लागते."

मी म्हटलं, "आज सगळ्याइचीच जड आहे."

ते तिचं शेवटचं बोलणं. माझ्याशी तरी. बादलले हे सांगायचं तर काय सांगू?

डॉक्टरीणबाई मागं लागली. हात धरला माझा. मी झटकला. मंग तिनं कागद काढला. म्हणे, "नेत नाही तर लिहून द्यावं लागेल, सांगूनही घरच्यांनी नकार दिला म्हणून. अंगठा देता का?" मी म्हटलं, "अंगठा काहून? सही येते मले." अन् केली. राखीच्या समोर केली. त्या टायमालेबी मले वाटलं, पाहा म्हणावं, कशी झरकन केली. तिनं पाह्यलं बी. मंग तिनं ते नाकावरचं काढलं, पायरीवर नीट ठेवलं अन् माझ्या मांग चालू लागली. ती कधी माझ्या शब्दाबाहेर गेली नाही. गेली असती तर.

दुपारी बाया आल्या. दारात सक्रीबाई. एक एक बाई यायची, माझ्या गळ्यात पडायची, मंग राखीच्या. अन् राखी रडली, खेमा. पहिल्यांदा गळा निघाला तिचा. प्रत्येक बाईच्या खांद्यावर डोकं टाकून, लांब लांब हुंदके. श्वास आत ओढायची तवा छातीतून घर्र आवाज यायचा. सूर नव्हता, शब्द नव्हते, नुसता हुंदका, पण काय हुंदका! बाया म्हणाल्या, "लाली, तुझी सून पक्की झाली आज." मी सक्रीबाईकडं पाह्यलं. मुडद्याकडं. मनात म्हटलं, ऐक. ऐकून घे, खांब म्हणत होती ना.

मी फुगली होती खेमा. जेठाणीचा मुडदा समोर अन् मी फुगलेली.

राखीच्या ओठाच्या कोपऱ्यात फेस आला, गुलाबी. मले वाटलं दात लागून ओठ फाटला. मी पदरानं पुसला अन् पुढच्या बाईच्या गळ्यात दिली तिले. हो. दिली. तिचे हात थंडे होते. मी म्हटलं, भिजली म्हणून.

पलीकडच्या तांड्याची एक बुढी होती, भलती सुरेल. राखीनं तिच्या खांद्यावर मान टाकली. बुढी गात राह्यली. आम्ही सगळ्या मागून सूर देत राह्यलो. राखीचा हुंदका बारीक झाला, मंग थांबला. मी म्हटलं, थकली. गाऊ दिलं बुढीले, अजून एक कडवं. मंग बुढीच म्हणे, "ए लाली, हिले धर गं, वजन पडलं."

ती कधी गेली ते कोणाले सांगता येणार नाही. चाळीस बाया होत्या. सगळ्या रडत होत्या अन् मरत फक्त एक होती, अन् तिचाच आवाज आम्ही सगळ्यात चांगला म्हणत होतो.

तुझ्या पोरीले बादलनं मारलं नाही. पाण्यानंबी पुरतं मारलं नाही. पाण्यानं तिले मले परत दिलं होतं, दिवस मावळेपर्यंत. 

कागदाची एक प्रत मले दिलती. मी ती तिच्या वहीत ठेवली, चार महिने. वकिलाले नाही म्हटलं. बादलले जाळीतून पाहत होती अन् नाही म्हणत होती. मले वाटे, वकील दुसऱ्या कुठल्या रस्त्यानं सोडवंन, अन् हे कोणाले समजणार नाही. पोराले जेलात ठेवून मी स्वतःले वाचवत होती. हे मोठ्यानं वाच.

परवा तो कागद मी फौजदाराच्या टेबलावर ठेवला. तो वाचून म्हणे, "बाई, हे आधी काहून दिलं नाही?" मी म्हटलं, "घरात एक माणूस खोटं बोलत होतं, ते मीच होती." तो म्हणे, "तुमच्यावर येऊ शकते हे." मी म्हटलं, "यायलेच पायजे. पण आधी राखीचं नाव लाँचच्या यादीत लिहा." तो म्हणे ते तहसीलचं काम. तहसीलले गेली. बाबू म्हणे अर्ज करा, बाहेर लिहिणारा बसते. मी म्हटलं, "लिहिणारा कायले? कागद दे." तिथंच बाकड्यावर बसून अर्ज लिहिला. पाचवं नाव, राखी. वय तेवीस. गाव, तारीख. मरणाचं कारण लिहायच्या जागी मी लिहिलं, छातीत पाणी. बाबूनं वाचलं, शिक्का मारला.

कागदाची झेरॉक्स यात घातली आहे. तुझी तक्रार ठेव नाहीतर मांग घे, पण त्याच्यातलं नाव बदल. माझं टाक. मी पळून कुठं जाणार? एका बाजूले धरण आहे, दुसऱ्या बाजूले तू.

मागच्या आठवड्यात तांड्यात एक म्हातारी मेली. मी गेली. दारात तिची नात माझ्या गळ्यात पडली, हुंदके देऊन देऊन रडत होती, चांगला ढावलो घेत होती पोट्टी. माझ्या गळ्यातून सूर निघाला नाही. मी तिले दोन्ही हातांनी लांब केलं, खाली वाकली अन् तिच्या छातीले कान लावला. सगळ्या बाया गायच्या थांबल्या. एक म्हणे, "लाली येडी झाली." मी म्हटलं, "चूप. ऐकू दे."

साफ होती छाती. मंग मी तिले सोडलं, अन् म्हटलं, आता रड.

बबिताले सांग, तिनं पोरीसाठी माझ्यापाशी येऊन रडावं असं मी म्हणत नाही. माझं तोंड पाहावं वाटणार नाही तिले. पण आली, तर मी गाणार नाही. मी फक्त ऐकीन.

लाली